पाण्याबाहेरची जाळी

मी जाळी बोलतेय. सध्या एका परसात भिंतीला टेकून उभी आहे. अंगावर वेल चढला आहे, आणि येणारे जाणारे मला वेलासाठीच आणली असं समजतात. समजू देत. एखाद्याचं आयुष्य पाण्यात गेलं म्हणतात ना, माझं खरोखरच गेलं, आणि मन अजून तिथेच अडकलं आहे.

पोलादी तारा विणून मला घडवलं आणि नदीकाठच्या वीज केंद्रात आणलं. वीज करणारी यंत्रं सारखी तापतात. त्यांना गार ठेवायला पंप नदीचं पाणी घटाघटा ओढत असतात. जिथून ते पाणी आत शिरतं, तिथे एका मोठ्या साखळीवर माझ्यासारख्या जाळ्या ओळीने बसवल्या होत्या. साखळी फिरली की एक वर, एक खाली. काटक्या, पाला, पिशव्या अडवायच्या, वर न्यायच्या आणि फवारा बसला की कचऱ्याच्या चरात टाकायच्या, एवढंच आमचं काम.

पण पाण्याबरोबर मासेही यायचे. ओढ इतकी जबर, की त्यांना उलटं पोहता यायचं नाही. ते माझ्या अंगाला चिकटायचे आणि तडफडायचे. त्यांचे कल्ले माझ्या तारांवर उघडमीट करताना मला जाणवायचे. साहेबांचा हुकूम असा, की जाळी तुंबल्याशिवाय साखळी फिरवायची नाही, उगाच झीज होते. त्यामुळे मी वर पोचेपर्यंत मासा गार पडलेला असायचा. एखादा तरी मासा माझ्याकडून जिवंत परत जावा, एवढीच आस मला लागून राहिली होती.

साखळी फिरवायचं काम जाळीमामांकडे होतं. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. मामा दिवसभर माझ्याशी कुरकुरत बोलायचे. मामी डबा घेऊन आल्या की म्हणायच्या, घरी दोन शब्द बोलायचं जिवावर येतं या माणसाच्या, ही पाण्यातली सवत बरी सापडली. मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. मेलेले मासे चरात पडले की मात्र मामा मान फिरवायचे.

मग सरकारने नियम केला. पाणी इतक्या हळू ओढायचं, की माशाने मनात आणलं तर त्याला पोहून निघून जाता आलं पाहिजे. तरीही जो अडकेल, तो जिवंत नदीत परत गेला पाहिजे. तपासायला एक बाई आल्या. साहेबांनी त्यांना चहा विचारला, त्यांनी गमबूट मागितले आणि थेट चरात उतरल्या. तेव्हापासून सगळे त्यांना मासेबाई म्हणू लागले.

पंपांची ओढ कमी केली आणि साखळी आता अखंड फिरू लागली. माझ्या खालच्या काठाला पन्हाळ जोडली, म्हणजे मासा पाण्यात बसूनच वर यावा. फवारा मऊ झाला, आणि वरून नदीत जाणारी एक ओली घसरगुंडी बांधली. पहिला मासा शेपूट हलवत तिच्यावरून नदीत गेला, तेव्हा मामांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. माझा आनंद तर गगनात मावेना.

तो फार टिकला नाही. सकाळी एक अर्ध्या शेपटीचा मासा सुटून गेला होता, तो दुपारी पुन्हा माझ्या अंगावर आला. मासेबाईंना शंका आली. त्यांनी सोडायच्या माशांचे पर जरासे कातरून खूण केली, तर खुणेचे मासे फिरून फिरून माझ्याकडेच. घसरगुंडीचं टोक पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या शेजारीच सोडलं होतं. सुटलेला मासा आधीच दमलेला, तो चार हात जातो न जातो तोच परत खेचला जात होता. संध्याकाळी अर्ध्या शेपटीचा आला, तो मेलेलाच.

साहेब म्हणाले, कागदोपत्री तर सगळं नियमाप्रमाणे आहे. बाईंनी तो मासा चरातून उचलून हातात घेतला.

"नकाशा मीच मंजूर केला होता," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. टोक प्रवाहाच्या खाली, नदीच्या वळणापलीकडे न्या. तोवर अर्धे पंप बंद."

साहेबांचा चेहरा पडला, पण पंप बंद झाले. घसरगुंडी लांबवली आणि खुणेचे मासे दिसेनासे झाले. मी रोज त्यांची वाट पाहायचे आणि ते आले नाहीत म्हणून सुखावायचे. अशी वाट कुणी कधी पाहिली असेल की नाही, कुणास ठाऊक.

मग एके दिवशी बाईंनी माझ्यामागे तलम कापड धरलं. त्यात माशांची केसासारखी बारीक पिल्लं सापडली. माझ्या भोकांतून ती आरपार जात होती आणि आत यंत्रांच्या उष्णतेने मरत होती. ज्यांना मी वाचवलं म्हणत होते, त्यांचीच पोरं माझ्या अंगातून जात होती. बारीक विणीच्या नव्या जाळ्या आल्या आणि मला उतरवलं. झालं ते योग्यच झालं, पण म्हणून दुखायचं काही थांबत नाही.

मामाही त्याच सुमारास निवृत्त झाले. हिला नदीत सोडू का, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाई हसल्या.

"मामा, नदीत लोखंड टाकायला बंदी आहे. तुमच्यावरच कारवाई करायला लावू नका मला."

मग मामांनी साहेबांकडून मला मागून घेतलं आणि घरी आणलं. सवत घरात आलेली पाहून मामींनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या पायाशी वेल लावला.

ऊन चढलं की माझ्या तारा तापतात आणि नदीची फार आठवण येते. मामांनाही येत असावी. परवा ते माझ्यावरची धूळ धुवायला नदीवरून बादली भरून घेऊन आले. पाणी अंगावर पडलं आणि कितीतरी दिवसांनी मी गार झाले. त्या पाण्यात एक इवलंसं पिल्लू होतं. ते माझ्यातून अलगद पलीकडे गेलं आणि ओल्या मातीत पडलं. मामांनी ते ओंजळीत उचललं, बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात सोडलं, आणि गुडघे दुखत असतानाही नदीकडे धावत सुटले.

"अहो, चपला तरी घाला," मामी मागून म्हणाल्या.

मी अंग वाळेपर्यंत त्या वाटेकडे पाहत राहिले. मला काही आता नदी दिसायची नाही. तुम्ही कधी गेलात, तर माझ्यासाठी एवढं करा. बोटं फाकवून हात पाण्यात धरा, आणि मासा जवळ आला तर बोटं मिटू नका.