मिळवलेला तास

मायनस खाडीच्या चिखलात, किनाऱ्यापासून दीड किलोमीटर आत, जीवशास्त्रज्ञ ऑदिल कोमो चिखलावर लाकडी चौकट टाकून, वाकून तिच्या आतली कोळंब्यांची बिळं मोजत होती. तांदळाएवढ्या त्या कोळंब्या; पण दक्षिणेकडे निघालेले लाखो पक्षी ऑगस्टभर त्यांच्यावरच पोसतात. म्हणून गेली अकरा वर्षं तिची ही मोजणी चालू होती. जोडीला लॉर्न, पासष्टीचा, जन्मभर इथं शिंपल्या खणलेला. त्याच्याशिवाय या चिखलात पाऊल टाकायची तिची छाती नव्हती.

बाराला दहा कमी असताना लॉर्न म्हणाला, पक्षी किनाऱ्याकडे सरकायला लागलेत. ऑदिलनं वर न बघताच सांगितलं की पाणी सव्वाबाराला फिरणार, एकच चौकट राहिलीय. तो चौकट उचलायला गेला आणि डावा पाय मांडीपर्यंत रुतला.

आधी तिला हसूच आलं. मग मागं, किनाऱ्याच्या वाटेवरच्या ओहोळाकडे लक्ष गेलं. पाणी समुद्राकडे जात नव्हतं, आत येत होतं.

तिनं खिशातला भरती-ओहोटीचा कागद काढला. इथं उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, पण जुने छापील तक्ते तेव्हाही हिवाळी घड्याळ धरून चालतात, म्हणून प्रत्येकजण डोळे झाकून त्यात एक तास मिळवतो. तिनंही मिळवला होता. पण हा कागद फोनवरून उतरवलेला, आणि फोननं तो तास आधीच मिळवून ठेवला होता. भरती लागून पाऊण तास झाला होता. एवढं शिकून शेवटी शेण खाल्लं ते बेरजेत!

चिखलावरून सामान घसरत न्यायची फळी ढकलत ती लॉर्नजवळ पोचली आणि त्याच्या काखेत हात घालून ओढू लागली.

"ओढू नकोस, कंबर मोडेल माझी," तो म्हणाला. "पाणी येऊ दे."

"येऊ दे?"

"पाणी आत शिरल्याशिवाय हा चिखल पाय सोडत नाही, डॉक्टरीणबाई. मी आडवा होतो. तू उकर."

ज्या पाण्याच्या धास्तीनं जीव अर्धा झाला होता, त्याचीच आता वाट बघायची. तो फळीवर पाठ टेकून पडला. ती हातांनी उकरत राहिली; उकरलं की पुन्हा भरायचं. मग गढूळ फेस आला, तिच्या गुडघ्यांना लागला, त्याच्या कानाशी पोचला. ओहोळ भरायच्या आत निघून जा, असं त्यानं दोनदा बजावलं. तिनं ऐकलं नाही, उकरतच राहिली. अखेर पाय सुटला. बूट खालीच राहिला. फळीला धरून दोघं गळ्याएवढ्या पाण्यातून ओहोळापार झाले.

किनाऱ्यावर तिनं त्याला तासाचं सगळं सांगून टाकलं. लॉर्न निळा पडलेला पाय चोळत होता.

"पक्षी सरकले तेव्हाच पाणी फिरलंय ते मला कळलं होतं," तो म्हणाला.

"मग अडवलं का नाहीत मला?"

"म्हटलं, एवढी शिकलेली बाई कागद बघून सांगतेय. आपलंच चुकत असेल."

ऑदिलच्या ध्यानात आलं, पुढच्या ओहोटीलाही हा माणूस तिच्या शब्दावर असाच चालत आत जाणार होता. पाण्यात होती तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.