आत्यांच्या उठाबशा

मी तापट आहे, हे मार्गासनीत सगळ्यांना ठाऊक आहे. माहेर कामथडीचं, हायवेच्या कडेचं, त्यामुळे आवाजही मोठा. पण मी सासूला उठाबशा काढायला लावते अशी बातमी गावात फिरली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. सासूबाई, म्हणजे अंबूबाई, गोठ्यात पाय घसरून पडल्या. मी त्यांना आत्या म्हणते. हाड मोडलं नाही, पण दोन महिने खाटेवर काढल्यावर पायांतलं बळच गेलं. उठायचं तर कुणाचा तरी हात लागायचा, अगदी मोरीत जायलाही. आयुष्यभर भाताच्या खाचरात राबलेली बाई, "सोनिया, जरा येतीस का?" म्हणताना मान खाली घालायची. ते मला बघवायचं नाही.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आता गोळ्यांनी काही होणार नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, रोज. जमायला लागलं की बैठक बुटकी करत न्यायची. नाहीतर यांचं उठणं कायमचं दुसऱ्याच्या हातात जाईल."

घरी येऊन मी कुणाला काही समजावत बसले नाही, तेवढा धीर मला कुठला! दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खुर्ची मांडली, आत्यांना बसवलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले. "उठा. बसा. हात न्हाई टेकायचा, आत्या. परत." मग भिंतीला तळवे लावून उभ्या उभ्या जोर. आत्यांना धाप लागायची, पण त्या एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. मला नवलच वाटायचं, कारण या घरात त्यांनी आजवर कुणाचं ऐकलेलं नव्हतं. हळूहळू खुर्ची गेली, स्टूल आलं. मग स्टूलही गेलं आणि पाट आला.

एका सकाळी शेजारच्या साळूबाईंनी हे कुंपणावरून बघितलं. उठाबशा म्हणजे शाळेत मास्तर काढायला लावतात त्या, एवढंच त्यांना माहीत. संध्याकाळपर्यंत गिरणीत, देवळात, एसटीच्या थांब्यावर एकच विषय होता, गोरखची बायको सासूला शिक्षा करते.

गोरख, माझा नवरा, नुसता हसला. "बोलत्यात चार दिस आन् गप बसत्यात." त्याचं काय जातंय बोलायला! मी पाट उचलून आत टाकला. "बास झालं, आत्या. माझी शोभा झाली तेवढी पुरे." त्या खाटेवर बसून पाटाकडं बघत राहायच्या. आलेलं बळ पुन्हा जाईल हे मला कळत होतं, पण माझा राग त्याहून मोठा होता.

मग एका सकाळी अंगणातून आत्यांची हाक ऐकू आली. "साळे, हिकडं ये! लांबनं कशापायी बघतीस?"

मी धावत बाहेर आले. आत्या चक्क भुईवर बसल्या होत्या, पाटसुद्धा घेतला नव्हता. मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

पाय जवळ ओढून त्या उकिडव्या झाल्या. तोल गेला, परत बसल्या. पुन्हा जोर केला, मांड्या थरथरल्या, आणि बाई उभी राहिली. माझ्या जिवात जीव आला.

"आता हे बी सांग गावात," आत्या म्हणाल्या. साळूबाई पदर सावरत घरात गेल्या.

मी मात्र धुमसतच होते. "शिक्षा म्हनं! म्या काय तुमची वैरीण हाय?"

आत्या ओट्यावर टेकल्या, पदरानं तोंड पुसलं. "तिचं काय चुकलं? मलाबी तसंच वाटलं व्हतं."

"काय?"

"पयल्या पंचमीला तुला म्हायेरी धाडलं न्हाई म्या. तुझा भाऊ न्यायला आला आन् तसाच माघारी गेला. मला वाटलं, तू त्याचं उट्टं काढतीयास. म्हटलं, काढू दे. तिचा हक्कच हाय."

मला आधी हसू आलं. मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

"म्या ते कवाच इसरले, आत्या," मी म्हणाले.

विसरले नव्हते. पण त्या सकाळी तो राग मला शोधूनही सापडला नाही.