हार्डिंगचं पान

अनुराधाने मार्च महिन्याचा खोका ॲल्फ्रेडच्या टेबलावर ठेवला आणि पुढचा आणायला वळली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे खोके अजून टेलेक्सच्या खोलीतच होते.

"अगं, किती आणतेस?" ॲल्फ्रेड म्हणाला. "मी फक्त ब्रिटनचं मागितलं होतं."

"हे ब्रिटनचंच आहे, सर. कुवेतचे खोके वेगळे. ते ह्या टेबलावर मावायचे नाहीत."

ॲल्फ्रेड तुस्कानो मूळचा वसईचा. मुंबईच्या वर्तमानपत्रांत वीस वर्षं काढून दुबईतल्या या इंग्रजी दैनिकात न्यूज एडिटर म्हणून आला होता. अनुराधा टिपणीस इथे टेलेक्स ऑपरेटर होती. वृत्तसंस्थांच्या बातम्या यंत्रातून सरकत बाहेर येत, त्या फाडायच्या, देशवार लावायच्या आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन द्यायच्या, एवढंच तिचं काम. वापरून झालेले कागद टाकून देण्याची रीत होती. ती टाकत नसे. पुण्याच्या एका कॉलेजात तिने दोन वर्षं राज्यशास्त्र शिकवलं होतं. लग्न झालं, दुबईला आली, आणि शिकवणं सुटलं ते सुटलंच.

नव्वद साल संपायला आठ दिवस उरले होते. एकतीस डिसेंबरच्या अंकासोबत सरत्या वर्षाची खास पुरवणी निघायची होती. त्यातलं ब्रिटनच्या राजकारणाचं पान हार्डिंग लिहिणार होता. तो इंग्रज, पुरवण्यांचा संपादक. पण नाताळाच्या निमित्ताने तो बायकामुलांना घेऊन मायदेशी गेला होता, आणि कुवेतवरून युद्ध पेटतं की नाही ते ठरेपर्यंत परतणार नाही असं ऑफिसात सगळेच बोलत होते. जाताना एका कागदावर बारा ओळींचा आराखडा तेवढा ठेवून गेला होता.

"ह्यात हाडं आहेत, मांस भरायचंय," ॲल्फ्रेड तो कागद पुढे करत म्हणाला. "माझे दोन सब-एडिटर सुट्टीवर, एक खलास, नोकरी सोडून मंगलोरला. तू तारखा आणि नावं काढून दे. जमलं तर सलग लिहून दे, मी साफ करीन. सत्तावीसपर्यंत."

"मी लिहू?"

"वर्षभर तूच वाचलंयस ना? बाकी आम्ही नुसते मथळे दिले."

*

अनुराधाचा नवरा गुणवंत घरी खिडकीच्या काचांवर, स्फोटाने फुटू नयेत म्हणून, चिकटपट्टी लावत होता. त्यांची मुलगी मैथिली खाली धरून ठेवलेल्या टोकाकडे कंटाळून बघत होती. त्यांचं घर बर दुबई भागात, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या दुकानदारांनी अजून कुठेच पट्ट्या लावल्या नव्हत्या.

गुणवंत एका शिपिंग कंपनीत ऑपरेशन्स बघायचा. ऑगस्टमध्ये कुवेतवर हल्ला झाल्यापासून त्याची काही जहाजं आखाताच्या आत यायला कचरत होती. सामुद्रधुनीच्या बाहेर, खोर फक्कानच्या बंदरात माल उतरवून ट्रकने इकडे आणायचा असं ठरलं होतं. त्यामुळे आठवड्यातले चार दिवस तो तिकडेच असायचा. मध्ये डोंगर, तीन तासांचा रस्ता. कुवेत सोडायची पंधरा जानेवारीची मुदत जाहीर झाली त्याच संध्याकाळी तो मायलेकींची मुंबईची तिकिटं काढून आला होता. चार जानेवारीची. परतीची तारीख मोकळी.

"काही झालं तर मी डोंगरापलीकडे आणि तुम्ही दोघी इथे," तेव्हा तो म्हणाला होता. "मला झोप यायची नाही, अनु."

त्यावर काय बोलणार? भीती खोटी नव्हती. अनुराधाने तिकिटं कपाटात ठेवली होती आणि भांडी घासायला घेतली होती.

"डॅड, निनाद इज नॉट गोइंग," मैथिली म्हणाली. "हिज मदर सेड नथिंग विल हॅपन."

"निनादच्या वडिलांचं ऑफिस घराखाली आहे. घट्ट धर ते टोक."

*

पुढचे दोन दिवस अनुराधा दुपारी यंत्राजवळ बसून वर्ष परत वाचत होती. हार्डिंगच्या आराखड्यात सगळं वर्ष नोव्हेंबरमध्ये कोंबलेलं होतं. कर्तबगार पंतप्रधान बाई, साडेअकरा वर्षांचं राज्य, पक्षातल्या महत्त्वाकांक्षी लोकांचं कारस्थान, अश्रू, गाडी, निरोप. तिने त्याप्रमाणे पहिला परिच्छेद लिहिला. वाचला. मग मार्चच्या खोक्यातला एकतीस तारखेचा कागद काढून शेजारी ठेवला.

लंडनच्या चौकात नव्या कराविरुद्ध हजारो माणसं जमली होती. डोक्यामागे कर, उमराव असो की झाडूवाला, गावात जो आकडा तोच सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत तिथे जाळपोळ आणि लाठ्या. सरकारने हुल्लडबाजांना दोष दिला. ते बरोबरही होतं, पण शांतपणे आलेली बाकीची माणसं काय सांगत होती, ते कुठल्याच उत्तरात नव्हतं. मग ऑक्टोबरात पक्षाची हक्काची जागा पोटनिवडणुकीत गेली. एक नोव्हेंबरला उपपंतप्रधानांनी राजीनामा दिला. पहिल्या मंत्रिमंडळातला शेवटपर्यंत टिकलेला तो एकटाच माणूस. बारा दिवसांनी तो सभागृहात उभा राहिला आणि आवाज न चढवता बोलला. ते भाषण यंत्रातून तुकड्यातुकड्याने आलं होतं. त्या दिवशी पुढचा तुकडा येईपर्यंत आपण चहा प्यायला गेलो नव्हतो, हे तिला आठवलं. आठवड्याभराने पक्षात मतदान. बाईंना दोनशे चार, विरोधकाला एकशे बावन्न. जिंकल्या, पण नियमाप्रमाणे हवं तेवढं अंतर नव्हतं. चार मतं कमी पडली. दोन दिवसांनी त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

तिने हार्डिंगचा कागद उलटा करून ठेवला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. मार्चपासून. बाईंची कर्तबगारी तिने कमी केली नाही. पण कारस्थान हा शब्दही वापरला नाही. मधल्या एका परिच्छेदाशी ती बराच वेळ अडली. शेवटी लिहिलं: सत्ता एका दिवसात जात नाही. आधी जवळच्या माणसांना विचारणं थांबतं. मग ती सांगणं थांबवतात. त्या शांततेला आपण होकार समजतो.

हे इंग्रजीत लिहून झाल्यावर तिने ते खोडलं. पाणी पिऊन आली आणि पुन्हा तसंच लिहिलं.

सव्वीसच्या संध्याकाळी जेवताना ती गुणवंतला म्हणाली, "मी ब्रिटनचं पान लिहिलं."

"टाइप केलंस?"

"लिहिलं."

"अरे वा." त्याने आमटी वाढून घेतली. "बरं, तुझ्या पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून ठेव. एक माझ्याकडे राहू दे."

*

एकोणतीस तारखेला पानाचं प्रूफ आलं. ॲल्फ्रेडने जवळजवळ काहीच बदललं नव्हतं. दोन वाक्यं तोडली होती आणि एक स्पेलिंग सुधारलं होतं. मथळ्याखाली नाव हार्डिंगचं होतं.

अनुराधा प्रूफ घेऊन त्याच्या टेबलाशी उभी राहिली. बसली नाही.

"मालकांचं म्हणणं आहे," ॲल्फ्रेड तिच्याकडे न बघता म्हणाला, "ब्रिटनवर इंग्रज नाव असलं की लोक वाचतात. मी बोललो, अनुराधा. खरंच बोललो."

"ते नाव काढा, सर."

"तुझं घालायला ते तयार नाहीत."

"माझं घालू नका. पण त्यांचंही नको. त्यांनी हे लिहिलेलं नाही, आणि त्यांना हे पटणारही नाही. त्यांच्यावरही तो अन्यायच आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त प्रूफाचा कोपरा तिच्या बोटांत चुरगळला होता. "नाहीतर पान मागे घ्या. त्यांचा आराखडा आहेच तुमच्याकडे."

ॲल्फ्रेडने चष्मा काढला. बायको जीन आणि पोरं वसईला गेल्यापासून तो ऑफिसातच जेवत होता. टेबलावर डबा उघडाच पडला होता. तो उठला आणि आतल्या केबिनमध्ये गेला. दार बंद झालं. दहा मिनिटांनी तो परत आला, प्रूफ घेतलं आणि लाल पेन्सिलने हार्डिंगच्या नावावर आडवी रेघ मारली.

"नाव नाही. कुणाचंच नाही. यल्ला, चल, जा आता, यंत्र वाजतंय."

गुणवंत त्याच दुपारी खोर फक्कानला निघून गेला होता. एक तारखेला परत येतो आणि मग सामान बांधू, असं सांगून.

*

एकतीस तारखेच्या सकाळी पान छापून आलं. शाळेला सुट्टी होती म्हणून अनुराधाने मैथिलीला सोबत ऑफिसला आणलं होतं. मैथिलीने ते टेबलावर पसरून वाचायचा प्रयत्न केला.

"मॉम, व्हेअर इज युअर नेम?"

"नाहीये."

"देन हाऊ विल पीपल नो?"

तेवढ्यात ॲल्फ्रेड दारात आला. मैथिलीला त्याने खिशातून चॉकलेट काढून दिलं आणि अनुराधाला म्हणाला, "हार्डिंगचा टेलेक्स बघितलास? तू यायच्या आधी आला. तो परत येत नाही. फॉरेन डेस्कवर मला माणूस हवाय, पंधरा तारखेच्या आधी. मालकांना सकाळीच सांगितलं, परवा नाव दिलं नाहीत, निदान खुर्ची द्या. थांबणार का तू?"

"चारची तिकिटं आहेत, सर."

"तिकिटं मला माहितीयेत. मी वेगळं विचारलं."

ती यंत्राकडे बघत राहिली. मैथिलीने चॉकलेटचा कागद सोलता सोलता थांबून आईकडे पाहिलं.

"थांबायचंय," अनुराधा म्हणाली. स्वतःचं वाक्य ऐकून तिलाच नवल वाटलं. गेल्या महिनाभरात हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. खोर फक्कानहून गुणवंत होता. मागे क्रेनचा भोंगा आणि वारा.

"अनु, इथे एक जहाज लागलंय. कॅप्टन इंग्रज आहे. मी पेपर नेला होता त्याच्याकडे, नेहमी नेतो. तर तो तुमची पुरवणी वाचत बसला. कागदांवर सह्या करायच्या राहिल्या. म्हणाला, माझ्या देशात काय झालं ते मला ह्या पानावर पहिल्यांदा सरळ कळलं. कोण माणूस आहे हा, म्हणून विचारत होता."

"मग?"

"मी म्हटलं, माझी बायको आहे." तो थांबला. "त्याला खरं वाटेना. मी नाव दाखवायला गेलो तर नावच नाही."

"नाही दिलं त्यांनी."

"असं कसं नाही दिलं? पुढच्या वेळी आधीच सांगून ठेव. नाव घातल्याशिवाय द्यायचंच नाही."

पलीकडे भोंगा परत वाजला आणि थांबला.

"पुढच्या वेळी," ती हळूच म्हणाली.

वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. तिला वाटलं फोन कटला.

"मी ते पान दोनदा वाचलं," तो म्हणाला. "तो मधला परिच्छेद."

"अहो, मला इथे फॉरेन डेस्कवर घेतायत. मी हो म्हटलंय. तुम्हाला न विचारता म्हटलंय." तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मला भीती वाटत नाही असं नाही. पण पुण्यात बसून तुमच्या फोनची वाट बघायची, त्याचीही वाटते. मैथिलीलाही जायचं नाहीये. तिलाही आपण विचारलं नाही."

"तू एकदाही बोलली नाहीस, अनु."

"नाही बोलले."

"मीही विचारलं नाही."

मग त्याने घसा साफ केला, आणि कामाच्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "डेस्कवर घेणार म्हणजे त्यांना माझी नवी एनओसी लागेल. व्हिसा माझ्यावर आहे ना तुझा?"

"हो."

"मजकूर टाइप करून इथे फॅक्स कर. सही करून लगेच पाठवतो. पाच वाजता इथलं ऑफिस बंद होतं." आणि जरा थांबून, "मैथिली आहे का तिथे? दे तिला. तिला काय वाटतं, ते मला विचारायचंय."

अनुराधाने रिसीव्हर मुलीकडे दिला. मैथिलीने चॉकलेटचे हात फ्रॉकला पुसले, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि बाबाचं बोलणं ऐकून घेतलं. मग आईकडे पाठ फिरवून, नेहमीचं इंग्रजी सोडून, मराठीत सांगायला लागली.