भावाचं दार

कानडी मुलखातल्या एका शहरात, शिवाजीनगरच्या बाजारामागे, एका चिंचोळ्या गल्लीत सकवारबाई आणि तिचा धाकटा भाऊ रघुजी समोरासमोर राहत. सकवारबाईचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. ती घरीच ब्लाऊज शिवायची. आई गेली तेव्हा रघुजीला अजून धड बोलताही येत नव्हतं. तिनंच त्याला कडेवर वाढवला, तिनंच कमळाला पाहून त्याचं लग्न लावून दिलं.

वस्तीत एका संस्थेनं बायकांचा गट सुरू केला, तेव्हा सकवारबाई दुपारची करमणूक म्हणून गेली. शिकवायला नागपूरची सुचेता नावाची मुलगी यायची. कानडी मोडकंतोडकं, पण मनानं स्वच्छ. शेजारी मारहाण ऐकू आली तर काय करायचं, ते ती बायकांकडून नाटक करवून शिकवायची. एकटीनं जायचं नाही, दोघी-तिघींनी जायचं. दार वाजवायचं, काहीही मागायचं, पण त्या बाईला तिथं एकटं सोडायचं नाही. सकवारबाईला एकदा दारुड्या नवऱ्याचं काम दिलं आणि ती अशी गुरगुरली की बायका हसून हसून लोळल्या.

पुढे खरीच वेळ आली. गल्लीच्या टोकाला पवित्राचा नवरा तिला मारत होता. सकवारबाई दोघींना घेऊन गेली आणि कढीपत्ता मागत दारातच उभी राहिली. नवरा ओशाळला. मग अशी आणखी काही दारं वाजली. रघुजी चहाच्या टपरीवर कौतुकानं सांगायचा, "आमची अक्का म्हणजे या गल्लीची पोलीस."

एका रविवारी दुपारी रघुजीच्याच घरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ कमळाचं दाबलेलं ओरडणं. असं पूर्वीही कधी ऐकू आलं होतं. तेव्हा सकवारबाईनं शिलाई मशीन जोरात चालवली होती. आज मशीनवर पाय टेकवला, पण चालवेना. बायका उंबऱ्यांवर येऊन तिच्याकडे बघत होत्या. हे दार वाजवायला कुणीच पुढे होईना. पवित्रा तेवढी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

सकवारबाईनं दार ठोठावलं.

"कोण आहे?"

"मी. उघड, रघू."

"अक्का, आमचं घरातलं आहे. तू जा."

"सगळे हेच म्हणतात. उघड."

दार उघडलं. कमळा ओट्याला टेकून बसली होती. उजवा हात छातीशी धरलेला, मनगट टम्म सुजलेलं.

"ऊठ कमळा, दवाखान्यात जाऊ," सकवारबाई म्हणाली.

रघुजी आडवा आला नाही. नुसता म्हणाला, "आज हिला नेलंस, तर मला बहीण नाही."

गटात बऱ्याच बोलण्यांना उत्तरं देण्याचा सराव झाला होता. याला काय म्हणायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. तिनं कमळाचा डावा हात धरला आणि बाहेर पडली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. "कसं झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कमळानं सकवारबाईकडे पाहिलं. सकवारबाईनं नुसती मान हलवली असती, तर 'पडले' म्हणून ती मोकळी झाली असती.

"खरं काय ते सांग," सकवारबाई म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं.

सुचेता धावून आली. तक्रार झाली, कोर्टानं रघुजीला कमळाजवळ जायला मनाई केली. कमळा आधी आधारगृहात राहिली, मग के. आर. पुरमला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली.

रघुजी समोरच राहिला. पाणी भरताना, कुलूप लावताना तो सकवारबाईला रोज दिसायचा. एकदा तिनं धीर करून विचारलं, "रघू, जेवलास का?"

"ऊटा आयतु," तो कानडीत म्हणाला. जेवण झालं. जन्मभर दोघं एकमेकांशी मराठीतच बोलत आले होते. वाटेतल्या परक्या बाईला उत्तर द्यावं तसं देऊन तो आत गेला.

बसवनगुडीत चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न झालं, ते सकवारबाईला तिसऱ्याकडून कळलं. गल्लीतल्या बायका तिला आता फार मानायच्या. अडचणीत तिच्याकडेच यायच्या. पण नुसत्या गप्पा मारायला तिच्या उंबऱ्यावर कुणी बसेना; नवऱ्यांना आवडायचं नाही. सुचेताला दुसरी वस्ती मिळाली. गट आता सकवारबाईच चालवायची, आणि गट संपला की सतरंजी एकटीच घडी करायची.

एके दिवशी ती बसनं कमळाला भेटायला गेली. कमळा अंगानं भरली होती. वसतिगृहातल्या मुलींच्या खोड्या सांगताना तोंडावर पदर न घेता मोकळी हसली. तिनं गरम उप्पिट वाढलं, आग्रहानं पुन्हा वाढलं. निघताना फाटकापर्यंत आली आणि तिथं घुटमळली.

"अक्का, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"स्वल्प दिवस नका येऊ इकडं. तुम्ही नसता तर मी आज कुठं असते, ते मला ठाऊक आहे. पण तुमचा चेहरा त्यांच्यासारखाच आहे हो. तुम्ही जाता, आणि मला रात्रभर झोप लागत नाही."

सकवारबाईचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. रघुजी लहान असताना लोक तेच म्हणायचे, अगदी बहिणीवर गेलाय. तेव्हा तिला केवढा अभिमान वाटायचा!

"सरी, बरं," ती म्हणाली. "हात दुखतो का अजून?"

"थंडीत. थोडासा."

"तेल लावून शेकत जा."

कमळा वाकून पाया पडली आणि लगबगीनं आत गेली. संध्याकाळचा स्वयंपाक खोळंबला होता. आतून मुलींनी तिला हाक मारली, तिनं ओ दिली, आणि कुणीतरी खळखळून हसलं.

सकवारबाई थांब्यावर येऊन बसली. शिवाजीनगरची बस आली, माणसं चढली. कंडक्टरनं तिच्याकडे पाहून हाक दिली. तिनं मान हलवली नाही, तशी बस निघून गेली. तिला घाई नव्हती. दुसरी आली तेव्हा ती उठली, खिडकीजवळची जागा पाहून बसली आणि पदर सावरून बाहेर बघू लागली.