श्रीखंडात रुतलेला उंट

सुनीतीने लेकीच्या दप्तरातून वही काढली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेली आणि मागून पुढे पानं उलटायला सुरुवात केली. सोमवारच्या पानावर लाल गोल. शुक्रवारच्या पानावर लाल गोल. त्याआधीच्या गुरुवारी, बुधवारी, मंगळवारी. प्रत्येक गोलात तोच इंग्रजी शब्द आणि त्या शब्दात तोच एक जास्तीचा एस.

शाल्मली टेबलापाशी बसून पोह्यांतले शेंगदाणे आधी वेचून खात होती. आठ वर्षांची, तिसरीतली. रोज शाळा सुटली की ती दोन इमारती पलीकडे आजी-आजोबांकडे जायची, आजोबांकडून इंग्रजी शिकायची, आणि सहा वाजता सुनीती कंपनीतून येताना तिला घेऊन यायची. वारज्यात फ्लॅट घेताना आईबाबांनाही इथेच आणायचं हे सुनीतीनेच ठरवलं होतं. मुलीला आजोबांसारखा मास्तर कुठे मिळणार, असं तिने तेव्हा नवऱ्याला, अनंतला, सांगितलं होतं.

"शालू, वाळवंट म्हणजे?"

"डेझर्ट."

"आणि जेवणानंतर खातो ते गोड?"

"डिझर्ट."

"मग वहीत रोज उलटं कसं होतं?"

शाल्मलीने खांदे उडवले आणि पुढचा शेंगदाणा शोधला.

बोलताना येतं आणि लिहिताना चुकतं, हेच सुनीतीला खात होतं. औषधांच्या कंपनीत ती गुणवत्ता विभागात होती. लेबलावरचा एखादा आकडा सरकला तरी तिच्या नजरेला टोचायचा. तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं असंच झालं होतं. अक्षरं उलटसुलट व्हायची, आणि चौथीपर्यंत घरात सगळे त्याला आळशी म्हणत राहिले. सुनीतीने आठवडाभर मोबाइलवर वाचून काढलं, लक्षणांपुढे मनातल्या मनात खुणा केल्या, आणि कर्वे पुतळ्याजवळच्या एका समुपदेशक बाईंची शनिवारची वेळ घेतली. अनंत म्हणाला, एका एसवरून डॉक्टर गाठणारी तू पुण्यातली पहिलीच. 

बाबांना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते दुखावले असते. श्रीधर सरांनी शहरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या ही त्यांची खासियत. रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक जोडी. वाळवंट आणि गोड पदार्थ ही सगळ्यांत गाजलेली. कुणी उंटाच्या वाक्यात एक एस जास्तीचा घातला की सर खडू ठेवायचे, चष्मा कपाळावर घ्यायचे आणि अगदी शांतपणे म्हणायचे, "उंट श्रीखंडात रुतलाय. काढा त्याला बाहेर." मग त्या मुलाने फळ्यापाशी जाऊन बोटाने एक एस पुसायचा. वाळवंटात सगळंच कमी, एससुद्धा एकच, असं सर म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. दरवर्षी तोच विनोद आणि दरवर्षी नवा वर्ग.

आठवीत सुनीती त्यांच्याच वर्गात होती. तेव्हा ते डेक्कनला राहायचे. सकाळी दोघं बरोबर निघायची, आणि लकडी पूल ओलांडला की बाबांना सर म्हणायचं असा घरचा नियम होता. संध्याकाळी पूल परत ओलांडला की पुन्हा बाबा. एकदा तिने वर्गात चुकून बाबा म्हटलं, तेव्हा त्यांनी इतर कुणाला दिली असती तशीच तिलाही वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा दिली, आणि घरी येताना पुलाच्या मध्यावर थांबून तिला चिक्की घेऊन दिली. अजूनही रस्त्यात कुणी वाकून नमस्कार केला की ते नाव विचारत नसत. विचारत, "कितवा बाक?" बाक कळला की नाव त्यांचं त्यांना आठवायचं.

शनिवारी समुपदेशक बाईंनी शाल्मलीला एकटीला आत घेतलं. बाहेर बसून सुनीतीचं भिंतीवरचं वर्णमालेचं चित्र तीनदा वाचून झालं. पाऊण तासाने तिला बोलावलं.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. वीस वाक्यं होती. सगळी बरोबर. चौदाव्या वाक्यात वाळवंट होतं, एका एसचं. सतराव्यात गोड होतं, दोन एसचं.

सुनीतीने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. बाईंनी चार-पाच पानं उलटली, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"चुका मी नंतर बघते," त्या म्हणाल्या. "मला आधी हे सांगा, रोज हाच धडा का आहे?"

सुनीतीने वही आपल्याकडे ओढली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर बाबांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द होते. तेच दोन. काल, परवा, गेल्या महिन्यात. दिवाळीच्या आधी निराळ्या जोड्या होत्या, रोज नवी. दिवाळीनंतर फक्त ही. पानावरची तारीखही दिवाळीनंतर बाबांच्या अक्षरात नव्हती. ती आईच्या अक्षरात होती. दोन आठवडे ही वही तिने रोज तपासली होती, आणि तिला फक्त गोल दिसले होते.

शाल्मली खुर्चीत पाय हलवत होती. बाईंनी तिला विचारलं, तुला सगळं येतं, मग आजोबांच्या वहीत असं का लिहितेस.

"तिथे चुकवायचंच असतं."

"का गं?"

"मग आजोबा उंटाचं सांगतात." तिचे पाय हलायचे थांबले. "बाकीचं काही विचारलं की ते आजीकडे बघतात. उंटाचं सांगताना नाही बघत."

बाईंनी वही मिटली. फी घेऊ का नको अशा विचारात त्या पडल्यासारख्या वाटल्या. मुलीची काळजी करू नका, एवढंच म्हणाल्या, आणि मुलीची या शब्दावर त्यांनी अगदी थोडा जोर दिला.

परत येताना शाल्मली रिक्षातून बाहेर बघत होती. कर्वेनगरच्या वळणावर तिने विचारलं, आता तू आजोबांना सांगणार का, मी मुद्दाम करते ते. सुनीतीने नकारार्थी मान हलवली.  तिने मुलीची वेणी नीट केली, मग उगीचच पुन्हा सोडून पुन्हा घातली.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चार वाजताच आईबाबांकडे गेली. दार आईने, श्यामलाबाईंनी, उघडलं. लेकीला या वेळी दारात पाहून त्यांनी हातातलं फडकं एकदा पिळलं.

"काय गं, कंपनी बंद पडली का?"

"रजा घेतली."

"बरं. चहा टाकते."

बाबा बाल्कनीजवळच्या आरामखुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, दाढी नीट केलेली, मांडीवर वर्तमानपत्र. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग श्यामलाबाईंकडे पाहिलं. "सुनीती आलीये," श्यामलाबाई सहज म्हणाल्या, जसं त्या गेले कित्येक महिने म्हणत होत्या. "अरे वा, सुनू," बाबा म्हणाले. सुनीतीला वाटलं, हे आपण रोज सहा वाजता दारात उभ्या राहून ऐकलेलं आहे. रोज, चपला न काढता, शालू आटप म्हणत.

ती आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली. श्यामलाबाईंनी आधण ठेवलं आणि कपाटातून जिऱ्याचा डबा काढला. डब्यात जिरं नव्हतं. त्यांनी गोळ्यांची पट्टी ओट्यावर ठेवली. सुनीतीने नाव वाचलं. तिच्या कंपनीत ही गोळी बनत नव्हती, पण ती कशावर देतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्या गोळीने किती कमी फरक पडतो हेही.

"कधीपासून?"

"दिवाळीत रांगोळीचे रंग आणायला गेले आणि तीन तासांनी परत आले. कुणीतरी जुना विद्यार्थी सोडून गेला."

"मला नाही सांगितलंस."

श्यामलाबाईंनी आलं ठेचलं, पाण्यात टाकलं. "तुझ्याकडे काळजीला जागा कुठे होती? सगळी शालूने भरलेली."

 आई टोमणा मारायची तेव्हा तिचा आवाज खाली जायचा. तो आत्ताही खालीच होता, पण त्याला धार नव्हती.

"त्यांनीच शपथ घातली होती," श्यामलाबाई म्हणाल्या. "समजत होतं तोवर. म्हणाले, सुनूला कळलं तर ती रात्रंदिवस माझ्याकडे बघत बसेल, आणि मग मला तिच्याकडे बघता येणार नाही."

चहा उतू जायच्या आत त्यांनी गॅस बारीक केला.

"आणि शालूला तू शिकवलंस हे?"

"मी कशाला? तिनेच शोधून काढलं. एक दिवस खरंच चुकली, हे हसले. दुसऱ्या दिवसापासून रोज चुकते."

साडेचारला शाल्मली आली. दप्तर टेकवलं, हातपाय धुतले, आणि आजोबांच्या खुर्चीशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसली. आईला तिथे पाहून तिने क्षणभर डोळे बारीक केले. सुनीती पलंगाच्या कडेला बसली, हातात कप धरून.

बाबांनी वही घेतली. श्यामलाबाई पाठीमागून येऊन तारीख टाकून गेल्या. बाबांचा हात पानाच्या डोक्यावर जरा वेळ थांबला, आणि मग ते दोन शब्द सरसर उमटले. ते वळण, तो दाब, फळ्यावर असायचा तसाच. सुनीतीने श्वास सोडला. हात विसरत नाही, तिला वाटलं. हाताने काहीतरी धरून ठेवलंय.

शाल्मलीने वाक्य लिहिलं. जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबून, सावकाश. उंट चालत होता, वाळवंटातून, आणि वाळवंटाला दोन एस होते. तिने वही आजोबांच्या मांडीवर ठेवली आणि लाल पेन टोपण काढून त्यांच्या हातात दिलं. मग ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. हसू तिच्या गालात आधीच येऊन थांबलं होतं.

बाबांनी वाक्य वाचलं. ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवून. बोट शेवटच्या शब्दावर आलं. तिथे ते राहिलं. खाली रस्त्यावर भाजीवाल्याने मेथीचा भाव सांगितला, कुणीतरी तो महाग आहे असं वरूनच सांगितलं.

बाबांनी वाक्याच्या पुढे बरोबरची खूण केली. छान, ठसठशीत. "व्हेरी गुड," ते म्हणाले आणि वही परत दिली.

शाल्मलीचं हसू तसंच राहिलं, पण त्याला जायला जागा उरली नव्हती. तिने वहीकडे पाहिलं. मग आजीकडे, स्वयंपाकघराच्या दारात. मग आईकडे.

सुनीतीने कप खाली ठेवला. ती उठून खुर्चीजवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि त्या शब्दावर बोट टेकवलं. आवाज शांत ठेवायचा, हे तिला त्यांच्याचकडून माहीत होतं.

"उंट श्रीखंडात रुतलाय," ती म्हणाली. "काढा त्याला बाहेर."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग पोटातून, खुर्ची करकरेपर्यंत. शाल्मलीही हसली, एकदम, रडू फुटावं तशी. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले.

"छान आहे हो हे," ते म्हणाले. "फारच छान. मला माहीत नव्हतं. आपण शिकवता का कुठे?"

श्यामलाबाई दारातून पुढे आल्या आणि बोलायला तोंड उघडलं. सुनीतीने त्यांच्याकडे न बघता हात जरा वर केला.

"नाही सर," ती म्हणाली. "मी आपल्या वर्गात होते."

बाबांनी चष्मा पुन्हा चढवला. ताठ बसले. चेहऱ्यावर कुठलं तरी जुनं दार अर्धवट उघडल्यासारखं झालं.

"कितवा बाक?"

"तिसरा. खिडकीजवळचा."

ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. तिनेही डोळे हलवले नाहीत. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण एक घर चुकून लावलेलं होतं. तिचा हात उचलला गेला आणि मांडीवर परत आला.

"खिडकीजवळ," ते हळू म्हणाले. "तिथे आमची सुनू बसायची. आपण ओळखत असाल."

"ओळखते."

"हुशार आहे. पण काळजी फार करते हो." त्यांनी पुढे वाकून आवाज खाली आणला, वर्गात बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आणायचे तसा. "आपली भेट झाली तर सांगा तिला. म्हणावं, इकडे सगळं ठीक आहे."

शाल्मली वहीवर वाकली होती. करंगळीने ती तो जास्तीचा एस पुसत होती, आणि ओली शाई पानभर पसरत होती.

"सांगते, सर," सुनीती म्हणाली.