थोरलीने कापलेली ओळ

प्रकाशकांच्या मागच्या खोलीत मुद्रितं तपासणाऱ्या दोघी बसत. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापील कागदावर बोट फिरवत ताडून पाहायचं, ही तिथली जुनी पद्धत. वाचणारी ती धाकटी, ताडणारी ती थोरली. दोघींच्या वयात जेमतेम अडीच महिन्यांचं अंतर, पण कचेरीत एकदा नाव पडलं की पडलं. बावीस वर्षं थोरलीने पुस्तकं ऐकली ती या एकाच आवाजात.

आणि सोमवारपासून थोरलीच्या खुर्चीत एक कादंबरीकार बाई येऊन बसली होती.

"माझीच कादंबरी आहे, मीच ताडते ना. ताई, तुम्हाला तेवढीच विश्रांती," असं गोड बोलून तिने थोरलीची रवानगी खिडकीजवळ, शब्दकोशाच्या सोबतीला केली. विश्रांती कसली! पलीकडे धाकटी वाचता वाचता खुदकन हसे आणि इकडे थोरलीच्या अंगाचा तिळपापड होई. आपल्यासमोर ही कधी अशी हसली होती का? हसली असेलही, पण तेव्हा लक्ष ठेवायची गरज पडली नव्हती. मंगळवारी धाकटीने आपल्या डब्यातला अर्धा वाटा त्या बाईला दिला. थोरलीने "पोट बिघडलंय" म्हणून आपला डबा उघडलाच नाही, आणि धाकटीने आग्रह केला नाही म्हणून आणखीच जळाली.

कादंबरी होती एका मावशीची. मावशी शिवणकाम शिकवते, लग्न करत नाही, आणि बरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीला नवी सोबतीण मिळाली की आठवडा आठवडा तिच्याशी बोलत नाही. दोनशे बाराव्या पानावरच्या एका वाक्यावरून बुधवारी प्रकाशक आणि लेखिकेची जुंपली. वाक्य असं: 'मावशी लेस्बियन होती, आयुष्यभर तिच्या स्वतःच्याच ते ध्यानात आलं नाही.'

"अहो, तिला जे कळलं नाही ते आपण तिच्या माघारी चारचौघांत सांगायचं?" प्रकाशक म्हणाले. "वाचकाला न सांगता कळेल की."

"नाही कळत, साहेब. शब्द लिहिला नाही की लोक मावशीला खडूस म्हणून मोकळे होतात. माझ्या घरचे आजही तेच म्हणतात."

प्रकाशकांनी थोरलीचं मत विचारलं.

"काढा," थोरली म्हणाली. "दोन मैत्रिणी आहेत. उगाच सुतावरून स्वर्ग कशाला गाठायचा?"

खरं तर मावशीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्या बाईच्या मनासारखं होऊ नये, बस.

निर्णय लागलाच नाही. गुरुवारी थोरली सगळ्यांच्या आधी आली आणि तिने ते वाक्य लाल शाईने सरळ कापून टाकलं. मुद्रितशोधकाने शंका विचारावी, ओळ कापू नये, हे तिनेच कितीजणांना शिकवलं होतं. वर समासात लिहिलं: 'सोबतीण बदलली म्हणून एवढा जळफळाट? कारण पटत नाही.'

त्या दिवशी लेखिका आलीच नाही. थोरली हक्काच्या खुर्चीत बसली, पण तिला हवा तसा आनंद काही होईना. वाचन दोनशे बारावर आलं तशी धाकटीने हात पुढे करून तिच्यासमोरचा छापील कागद आपल्याकडे फिरवला.

"हे तू कापलंस?"

"हो."

"आणि ही शंकाही तुझीच?" धाकटीने समासातलं मोठ्याने वाचलं. "कारण पटत नाही म्हणे! तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस. भरला डबा घरी नेलास. तुला गं काय झालं होतं?"

"पोट..."

"पोट!" धाकटी हसली नाही. "मी वाट बघत होते, तू येऊन तिला म्हणशील, उठा, ही माझी जागा आहे. बावीस वर्षं कशाकशाची वाट बघतेय मी, ते जाऊ दे."

थोरलीचे कान तापले. तिला भीती वाटली, आणि ती भीती लेखिकेची नव्हती.

"हस्तलिखितात आहे ते मी वाचणार," कागद परत करत धाकटी म्हणाली. "काप खुशाल."

तिने वाक्य वाचलं. आवाज रोजचाच, स्वच्छ. त्या शब्दावर ती अडखळली नाही. मग थांबून समोर पाहत राहिली.

थोरलीचं बोट नेमकं त्याच ओळीखाली होतं. एक अक्षर निसटलं नव्हतं.

"माझी ओळ चुकली," ती म्हणाली. "परत वाच."