मुठीतली वेणी

माझ्या मावशीच्या पार्लरमध्ये लांब केस कापायचे असतील तर नुसतं ‘काप’ म्हणून भागत नाही, परीक्षा द्यावी लागते. मावशी वेणी घालते, वर एक आणि खाली एक रबर लावते, वेणीचा शेंडा तुमच्या मुठीत देते आणि सरळ मागे कंगवे धुवायला निघून जाते. ते कंगवे काही केल्या धुवून होत नाहीत. परत आली की ती आधी मूठ बघते. सैल असेल तर कैची. घट्ट असेल तर रबरं सोडते, डोकं छान चोळून देते आणि म्हणते, “पुढच्या महिन्यात या.” आई कपाळावर हात मारते, “असा कुणी धंदा करतं का?”

काल शाळा सुटल्यावर मी दप्तर एका खुर्चीत टाकलं आणि दुसरीत स्वतःला टाकलं.

“मावशी, काप! पार मानेपर्यंत!”

“आईला विचारलंस?”

“आई म्हणाली, तुझं डोकं, तुझे केस. आणि बातमी ऐक! मी व्हॉलीबॉलची कॅप्टन! सरांनी मधल्या सुट्टीत बोलावून विचारलं आणि मी एका दमात हो म्हणाले!”

हे केवढं मोठं आहे ते सांगते. गेल्या वर्षापर्यंत मला वर्गात मौनीबाबा म्हणायचे. हजेरीला माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. व्हॉलीबॉलमध्ये जी बॉल घेणार तिने ‘माझा!’ म्हणून ओरडायचं असतं, नाहीतर दोघी एकाच बॉलवर धावतात आणि टाळकी आपटतात. मी मनातल्या मनात ओरडायचे. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळा जिच्या टाळक्यावर आपटले, ती भिंत. म्हणजे माझी मैत्रीण. जाळीपाशी तिच्या हातांवरून बॉल जात नाही, म्हणून भिंत. एकदा कपाळावर बर्फ धरून ती म्हणाली, “बाई, एक तर ओरडायला शीक, नाहीतर मला हेल्मेट घेऊन दे.” मग रोज सराव संपला की तिने मला रिकाम्या मैदानात उभं करून ओरडायला लावलं. माझा! माझा! माझा! शेवटी शाळेचे शिपाईकाका बाहेर आले, “घे गं बाई, तुझाच! आम्हाला नकोय!” तेव्हा माझी जीभ जी सुटली, ती अजून थांबायचं नाव घेत नाही.

“आधी कॅप्टन कोण होती?” वेणी घालता घालता मावशीने विचारलं.

“भिंत.”

“मग ती काय म्हणाली?”

“तिला... अजून माहीत नाही. सोमवारी सर फळ्यावर नावं लावतील ना. कळेलच की.”

मावशीने रबरं लावली, शेंडा माझ्या मुठीत दिला आणि गेली.

मागे नळ वाहत राहिला. आरशात मी एकटीच. पहिल्यांदा हसून बघितलं, मग कॅप्टनसारखा चेहरा करून बघितला. फळ्यासमोर भिंतीचा चेहरा कसा होईल ते मात्र बघायचं नव्हतं, आणि तोच दिसत राहिला.

मावशी हात पुसत आली. “मूठ बघ तुझी.”

बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“केसांत एवढा जीव अडकलाय?”

“केसांत नाही गं,” मी म्हणाले, आणि माझा आवाज परत पुढच्या बाकापर्यंतही पोचला नाही.

मावशीने दुसऱ्या खुर्चीतलं माझं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि तिथे बसली. त्या खुर्चीत गिऱ्हाइकांच्या पिशव्याच बसतात. मला नेहमी वाटायचं, एकटीला दोन खुर्च्या कशाला?

“तुझ्या आईला वाटतं, ऑफिसातली पक्की नोकरी सोडली म्हणून मी मनात रडत असेन,” ती म्हणाली. “एक दिवस नाही रडले. उलट सकाळी शटर वर केलं की बरं वाटतं. पण हे पार्लर काढायचं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. मी आणि शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण. रंगसुद्धा तिनेच निवडला होता. मग ही जागा मिळाली. मालकाला लगेच उत्तर हवं होतं आणि ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. मी हो म्हणून टाकलं. आल्यावर सांगू, म्हटलं. ती आली, तर मला तोंड उघडवेना. आज नको, उद्या सांगू. असं करता करता पाटी लागली.”

“आणि?”

“तिने बसमधून पाटी वाचली. खाली माझं एकटीचं नाव.”

“भांडली?”

“भांडली असती तर बरं झालं असतं गं. एवढंच म्हणाली, जागा घेतलीस ते ठीक, मला सांगितलं का नाहीस? नंतर मी किती वेळा बोलावलं. ही खुर्ची तिच्यासाठीच आणली होती.” मावशीने खुर्चीचा हात उगाच पुसला. “पार्लर काढल्याचं वाईट वाटत नाही. तोंड मिटून बसल्याचं वाटतं. अजून.”

मी उठले.

“अगं, रबरं तरी सोडू दे!”

“आल्यावर!”

भिंतीच्या घरापर्यंत मी धावतच गेले. तिने दार उघडलं. हातात अर्धी घडी घातलेली चादर.

“काय गं, कुत्रा मागे लागला?”

धाप लागलेली होती. मौनीबाबा परत यायच्या आत मी डोळे मिटले आणि रिकाम्या मैदानावर ओरडायचे तशी ओरडले, “कॅप्टन मी आहे! सरांनी विचारलं, मी हो म्हटलं, तुला न सांगता! आणि मला खरंच व्हायचंय गं!”

डोळे उघडले. चादर तिच्या हातातून सुटून लोंबत होती.

तिने ती गोळा करून काखेत मारली. मग म्हणाली, “हे मी सोमवारी फळ्यावर वाचलं असतं ना, तर ही वेणी मुळासकट उपटली असती.”

“आणि आता?”

“आता राग आलाय. खूप. उद्या सरावाला मी तुझ्याशी बोलणार नाही.”

“परवा?”

“परवा बघू.” आणि दार लावून घेतलं. जोरात.

मी जिना उतरायला लागले तर मागे कडी वाजली. दारातून फक्त तिचं नाक बाहेर आलं.

“ए, केसांना ही दोन रबरं कसली?”

“कापणार होते.”

“मग काप की! उडी मारलीस की वेणी दर वेळी माझ्या तोंडावर बसते.” दार परत बंद. या वेळी हळू.

मी पोचले तेव्हा मावशी शटर ओढायच्या बेतात होती. मला बघून तिने ते परत वर ढकललं, काही न विचारता शेंडा मुठीत दिला आणि मागे गेली.

नळ सुरू झाला आणि लगेच बंद झाला. या खेपेला कंगवे पटकन धुवून झाले.